धावपट्टी तीच, टर्मिनल नवं: मग परिणाम नेमका कशाचा मोजायचा?

विलेपार्ले पूर्वेच्या एका रहिवाशाचा प्रश्न आहे. मुंबई विमानतळाचं टर्मिनल १ पाडून त्याच जागी नवं उभं राहणार आहे. धावपट्ट्या आहेत तेवढ्याच राहणार, त्यामुळे विमानं वाढणार नाहीत. मग पर्यावरणावर परिणाम होतो तो कशाचा? आणि 'परिणाम नगण्य' असं लिहिलेला अहवाल हाती पडला, तर त्यात काय शोधायचं?

विमानं वाढणार नाहीत, हे मुंबईपुरतं बरंचसं खरं आहे. पण विमानं वाढली नाहीत म्हणून काहीच वाढलं नाही, हे खरं नाही. खरा प्रश्न असा: विमानतळाची कोंडी कुठे आहे? धावपट्टीवर, विमानं उभी करायच्या जागेत, इमारतीत की बाहेरच्या रस्त्यावर? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४६ च्या आसपास उड्डाणं आणि उतरणी, ही तिची मर्यादा. ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली, म्हणजे धावपट्टी आधीच ओसंडतेय. इमारत दुप्पट केली तरी हा आकडा हलत नाही. उलट जिथे धावपट्टीवर जागा शिल्लक असते आणि गर्दी इमारतीत असते, तिथे नवं टर्मिनल हेच जास्त विमानांचं दार ठरतं. तिथे आकाशातला आवाज हा पहिला मुद्दा, मुंबईत तो नाही.

म्हणून पहिल्यापासून दोन खाती वेगळी ठेवायची. आवाज आणि विमानाचा धूर विमानांच्या संख्येबरोबर चालतात. रस्त्यावरची गर्दी, पाणी, सांडपाणी, कचरा आणि वीज प्रवाशांच्या संख्येबरोबर. त्याच वेळेत १८० आसनांच्या जागी सव्वादोनशे आसनांचं विमान आलं की पहिलं खातं जवळपास तिथेच राहतं आणि दुसरं फुगतं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यात नव्या टी-१ ची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी, जुन्यापेक्षा ४२ टक्के जास्त, अशी सांगितली होती. हे ४२ टक्के दुसऱ्या खात्यातले आहेत, आणि त्यातले बरेचसे रस्त्यानंच येणार.

आता तुलना कशाशी करायची ते. सर्वात जास्त चुका इथेच होतात. आजची परिस्थिती आणि बांधून झाल्यानंतरची परिस्थिती समोरासमोर ठेवली, तर हातात काहीच येत नाही. तुलना एकाच वर्षाची हवी: त्या वर्षी प्रकल्प झाला तर काय, आणि नसता झाला तर काय. मुंबईत तर 'नसता झाला तर' हे चित्रच बदललंय, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. टी-१ ला हातही लावला नाही तरी तिथली काही वाहतूक पलीकडे जाणारच. ती घट अहवालानं प्रकल्पाच्या खात्यात जमा दाखवली असेल, तर ती फुकटची कमाई आहे. किमान तीन वर्षांचे आकडे मागावेत: पाडकाम-बांधकामाचं सर्वात वाईट वर्ष, इमारत सुरू होण्याचं वर्ष आणि त्यानंतरचं दहावं. पुष्कळ अहवालांत पहिलं वर्ष गायब असतं, आणि तुम्हाला शेजारी म्हणून सर्वात जास्त त्रास देणारं वर्ष तेच.

हद्दीचंही तसंच. प्रकल्प म्हणजे फक्त इमारत नाही. तात्पुरती प्रवासी व्यवस्था, पार्किंगची इमारत, उन्नत रस्ता, वीज उपकेंद्र, सांडपाणी केंद्र, इंधनाच्या भूमिगत वाहिन्या, काँक्रीटचा प्लांट, कामगारांची वसाहत, डंपरचे मार्ग हे सगळं त्यातच येतं. तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा नगण्य दिसतो.

पाडकामाकडे सविस्तर बघू, कारण नव्या इमारतीचे रंगीत नकाशे बघताना हेच सर्वात आधी विसरलं जातं. आरसीसी इमारतीचा राडारोडा पायासकट धरला तर चौरस मीटरला साधारण १ ते १.५ टन निघतो. समजा ६०,००० चौरस मीटर पाडायचे आहेत आणि दर १.२ टन धरला: ७२,००० टन. डंपरमध्ये निव्वळ १६ टन बसतात असं धरलं तर ४,५०० खेपा. हे काम १५० दिवसांत उरकायचं तर रोज ३० खेपा, येणं-जाणं मिळून ६० फेऱ्या. दिवसा अवजड वाहनांना बंदी म्हणून सगळं रात्री ११ ते ५ मध्ये ढकललं तर तुमच्या गल्लीच्या तोंडावरून दर सहा मिनिटाला एक डंपर. अहवालात 'राडारोड्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावली जाईल' एवढंच वाक्य असेल, तर त्याच्यासमोर हा हिशेब ठेवा.

पुढचा प्रश्न, जाणार कुठे? महापालिकेची राडारोडा प्रक्रिया केंद्रं दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला आहेत, प्रत्येकी दिवसाला ६०० टनांची. आपल्या उदाहरणात रोज ४८० टन निघतात, म्हणजे एक अख्खं केंद्र जवळपास एकट्यानं व्यापलं. बाकी शहराचा राडारोडा मग खाडीकाठी जातो, आणि तो परिणाम कुणाच्याच अहवालात येत नाही. जागेवरच क्रशर लावून तुकडे रस्त्याच्या किंवा एप्रनच्या (विमानं उभी करायच्या फरसबंद जागेच्या) खालच्या थरात वापरले तर खेपा चांगल्याच कमी होतात. पण क्रशरचा आवाज आणि धूळ मग आवारातच राहते, म्हणून क्रशर कुठे बसणार ते नकाशावर दिसलं पाहिजे. नियमांकडून इथे जोर मिळतो. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्याला काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असं वेगळं करणं २०१६ च्या नियमांपासून बंधनकारक आहे. २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी आणखी कडक केली आहे.

काँक्रीट फोडणारा ब्रेकर लागण्याआधी इमारत 'रिकामी' करायची असते, म्हणजे फर्निचर हलवणं नव्हे. जुन्या टर्मिनलमध्ये काय काय दडलेलं असतं ते बघा. छताचे आणि शाफ्टमधले ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइपवरचं जुनं लॅगिंग म्हणजे उष्णतारोधक आवरण, पाऱ्याच्या ट्यूबा, जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल. काही जुन्या धूरसूचकांत अमेरिशियम-२४१ चा किरणोत्सारी कण असतो, आणि सामानावरचे स्फोटकांचे अंश हुंगणाऱ्या काही यंत्रांत निकेल-६३. हे भंगारवाल्याकडे जाता कामा नये, पुरवठादाराकडे परत जायला हवं, तेही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे. ॲस्बेस्टॉस ओलं करून, न फोडता, दुहेरी पिशवीत बांधून धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात. मग वातानुकूलनाचे चिलर. साधारण एका टन क्षमतेमागे एक किलोच्या आसपास वायू असतो. ४०० किलो आर-१३४ए हवेत सोडला तर तो सुमारे ५७० टन कार्बन डायऑक्साइडएवढा पडतो, आणि चोरीच्या तांब्यासाठी पाइप कापणाऱ्याला ते एका दुपारीत जमतं. वायू परत सिलिंडरमध्ये काढून घेतल्याची वजनासकट नोंद मागा. एवढी एक नोंद नीट असेल, तर बाकीचं कामही बहुधा नीट चाललेलं असतं.

धुळीबद्दल थोडक्यात. एक एकरापेक्षा मोठ्या आवाराभोवती ३५ फुटी पत्रे, ताडपत्री, पाडताना सतत फवारणी हे महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्येच ठरवून दिलंय. फवारणीचं पाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणीच असावं. मूळ पातळीची मोजणी कुठे आणि कधी झाली ते मात्र बघाच. पावसाळ्यात किंवा धावपट्टीशेजारच्या गवतावर घेतलेले आकडे इतके छान येतात की त्यांचा उपयोग फक्त अहवाल सजवायला होतो. मोजणी हिवाळ्यातली हवी, आणि वस्तीच्या बाजूची.

आवाजाचा एक भाग असा आहे, जो जवळपास कुणाच्याच लक्षात येत नाही. टर्मिनलची लांबलचक इमारत ही एप्रन आणि तुमची वस्ती यांच्यामधली भिंत असते. टॅक्सी करणारं विमान आणि त्याच्या शेपटातलं छोटं इंजिन, ज्याला एपीयू म्हणतात, यांचा आवाज ती भिंत ८ ते १५ डेसिबलनं सहज अडवते. ज्या दिवशी इमारत जमीनदोस्त होते त्या दिवशी एकही विमान न वाढता तुमच्या खिडकीतला आवाज वाढतो, आणि नवी इमारत उठेपर्यंत दोन-तीन वर्षं वाढलेलाच राहतो. 'विमानं तेवढीच, म्हणून आवाज तेवढाच' हे गणित इथे फसतं. उपाय पाडण्याच्या क्रमात आहे: शहराच्या बाजूचा सांगाडा शेवटी पाडायचा, किंवा त्याआधी खरी ध्वनिभिंत उभारायची. खरी म्हणजे काय? ध्वनिभिंतीला चौरस मीटरला किमान १० किलो वजन लागतं. बांधकामाभोवती लावतात तो अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ४ किलोच्या आसपास भरतो. तो धुळीसाठी ठीक, आवाजासाठी जेमतेम पडदा.

दुसरा आवाज पाडकामाचा. पोकलेनला लावलेला हायड्रॉलिक ब्रेकर १० मीटरवर ९० डेसिबलच्या घरात वाजतो. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात: ८० मीटरवर ७२, १६० मीटरवर ६६. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. विमानतळालगतच्या पट्ट्यासाठी २०१८ पासून वेगळी, सैल मानकं आहेत, व्यग्र विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५. पण ती विमानांच्या आवाजासाठी आहेत. कंत्राटदाराच्या ब्रेकरला त्या सवलतीखाली लपवलंय का, हे जरूर पाहा. ब्रेकरऐवजी काँक्रीट चावून तोडणारा जबडा वापरला तर आवाज सुमारे १० डेसिबलनं खाली येतो. वेळ जास्त लागतो आणि दर जास्त पडतो, म्हणून निविदेत लिहिलेलं नसेल तर तो येत नाही. खरी अडचण वेगळीच: धावपट्टीजवळच्या उंच क्रेन आणि अवजड कामं विमानतळाला रात्रीच सोयीची असतात आणि शेजाऱ्यांना रात्रीच नको असतात. हा तिढा कागदावर 'योग्य नियोजन' म्हणून सुटत नाही. कोणतं काम रात्री आणि जास्तीत जास्त किती रात्री, हे आकड्यात हवं.

इथे नव्या टर्मिनलच्या बाजूनंही बोललं पाहिजे. विमान एरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या बंद पुलाला, लागलं आणि तिथे जमिनीवरून वीज व थंड हवा मिळाली, तर एपीयू बंद ठेवता येतं. ए-३२० चं एपीयू तासाला ११० ते १३० किलो इंधन पितं. दिवसाला १२० विमानांनी प्रत्येकी ४० मिनिटं ते बंद ठेवलं तर ९ टनांवर इंधन वाचतं, म्हणजे सुमारे २९ टन कार्बन डायऑक्साइड, आणि वस्तीच्या बाजूचा तो सततचा शिट्टीसारखा आवाजही कमी होतो. फक्त हा फायदा उपकरण बसवल्यानं होत नाही, वापरल्यानं होतो. मे महिन्याच्या दुपारी थंड हवा अपुरी पडली की वैमानिक एपीयू चालूच ठेवतो, आणि त्याचं चुकतही नाही. म्हणून अहवालात हा फायदा मोजला असेल, तर किती विमानं एरोब्रिजला आणि किती लांब उभी राहणार, वापराचं मीटर असणार का, हे विचारा.

वाहतुकीवर मी सर्वात जास्त भर दिला असता, कारण मुंबईत कायमचा परिणाम तिथेच राहणार आहे. ४२ टक्के वाढ म्हणजे वर्षाला सुमारे ५९ लाख, दिवसाला १६,००० च्या वर प्रवासी. ७० टक्के रस्त्यानं येतात आणि एका गाडीत सरासरी दीड जण असतात असं धरलं, तर ७,५०० च्या आसपास गाड्या. प्रत्येक गाडी येते आणि जाते, म्हणजे १५,००० फेऱ्या, त्यातल्या पुष्कळशा रिकाम्या. गर्दीच्या तासात हजारावर. गृहीतकं तुम्ही बदला, आकडा बदलेल. अहवालात ती गृहीतकं दिसलीच पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. मेट्रो ३ चं स्थानक टी-१ ला आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे ७० चे ५५ टक्के होऊही शकतात. पण स्थानकातून चेक-इनपर्यंत बॅग घेऊन किती चालायचं, किती जिने चढायचे, पहाटे चारच्या विमानाला मेट्रो कुठली, यावर ते ठरेल. 'मेट्रोमुळे वाहतूक कमी होईल' या वाक्यावर नाही.

बांधकामाच्या काळात वाहतूक नाहीशी होत नाही, सरकते. काही सहारच्या टी-२ कडे, काही उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाकडे. पार्ल्याहून टी-१ ला जाणारा माणूस २१.८ किलोमीटरचा अटल सेतू ओलांडून जाऊ लागला, तर त्याच्या प्रवासाचा धूर या प्रकल्पाच्या खात्यात लिहायचा की नाही? माझ्या मते लिहायचा, जेवढ्या काळापुरतं टर्मिनल बंद आहे तेवढ्या काळापुरता. तुमच्या भागात मात्र त्याच काळात गाड्या कमी आणि डंपर जास्त असतील, म्हणून 'वाहतूक घटली' हा निष्कर्ष वाहनांच्या प्रकारानुसार फोडून मागा.

पावसाच्या पाण्याचं गणित वेगळ्या कारणानं बघायचं. जागा आधीच फरसबंद आहे, त्यामुळे नव्या इमारतीनं वाहून जाणारं पाणी फारसं वाढत नाही. बदलतात ते उतार आणि पाणी बाहेर पडण्याची जागा. १० हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ घनमीटर पाणी. ते आधी दोन नाल्यांत जात असेल आणि आता एकाच नाल्यात गेलं, तर एक गल्ली कोरडी आणि दुसरी गुडघाभर. विमानतळाच्या पोटातून मिठी जाते म्हणून सगळं पाणी मिठीतच जातं असं धरू नका, नकाशावर प्रत्येक उतार तपासा. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तो याच सांताक्रूझच्या वेधशाळेत, तेव्हा 'असा पाऊस येत नाही' हा युक्तिवाद इथे तरी चालत नाही. पाणी साठवायचं तर भूमिगत टाकीत, कारण उघडं तळं पक्ष्यांना बोलावतं आणि पक्षी विमानाला नकोत. खोदकामात उपसलेलं पाणीही बघा. जुन्या इंधनवाहिन्यांच्या आसपासच्या मातीत तेल मुरलेलं असू शकतं. बोअर घेऊन आधी तपासणी झालेली नसेल, तर ते तवंगासकट थेट नाल्यात जातं.

पिण्याचं पाणी आणि सांडपाणी सोपं आहे: आजचं मीटर भागिले आजचे प्रवासी, गुणिले उद्याचे. झाडांबद्दल एकच. राज्याच्या कायद्यात २०२१ पासून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची आहेत, पण विमानतळालगत वड, उंबर, जांभूळ यांसारखी फळझाडं पक्ष्यांमुळे चालत नाहीत. म्हणजे सावली तुमची जाते आणि रोपं लांब कुठेतरी लागतात. जागा आणि जात विचारून घ्या.

कार्बनच्या प्रकरणात 'हरित इमारत' या शब्दाला भुलू नका. समजा जुनी ६०,००० चौरस मीटरची इमारत चौरस मीटरमागे वर्षाला ३०० युनिट वीज घेते आणि नवी १,२०,००० ची २०० युनिट. चौरस मीटरमागे तिसरा हिस्सा वाचला, एकूण वापर मात्र १.८ कोटी युनिटवरून २.४ कोटींवर गेला. त्यात मुंबई विमानतळ २०२२ पासून पूर्णपणे हरित वीज वापरत असल्याचं सांगतो. मग वाचलेल्या युनिटमागे कोळशाचा धूर वाचला असं पुन्हा लिहिता येत नाही. उलट नव्या सिमेंट-लोखंडाचा धूर आजच बाहेर पडतो. चौरस मीटरमागे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी ८४,००० टन. म्हणून 'जुना सांगाडा ठेवून नूतनीकरण' हा पर्याय खरोखर तपासला का, हे पाहायचं. तो नाकारायला भूकंपरोधकता, छताची उंची, सामानाचे पट्टे अशी सबळ कारणं असू शकतात. पण ती संरचना तपासणीच्या आकड्यांसह हवीत.

परवानगीचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत विमानतळ येतात, आणि २०,००० चौरस मीटरवरची बांधकामंही येतात. १४ जुलै २०२२ च्या दुरुस्तीनं मात्र विमानतळाचं क्षेत्र न वाढवता होणाऱ्या टर्मिनलच्या विस्ताराला सवलत दिली. पाडून नवं बांधणं हा विस्तार की नवं बांधकाम, यावर युक्तिवाद दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. म्हणून प्रस्ताव कोणत्या नोंदीखाली आहे ते पर्यावरण मंजुरीच्या अर्जांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर आधी पाहा. सवलत मिळाली तरी राडारोडा, ध्वनी, झाडं आणि प्रदूषण मंडळाची संमती यांतून सुटका होत नाही. विमानतळाला आधी मिळालेल्या मंजुरीचे सहामाही अनुपालन अहवालही मागवा, ते जून आणि डिसेंबरमध्ये द्यायचे असतात. मागच्या अटी कशा पाळल्या, यावरून पुढचा अंदाज येतो.

एक काम मात्र अहवालाची वाट न बघता आत्ताच करा. विमानतळाच्या बाजूच्या दोन-तीन इमारतींतून, चौथ्या मजल्याच्या आसपास, उघड्या खिडकीबाहेर एक मीटरवर सलग सात दिवस आणि सात रात्री आवाज मोजून घ्या. कॅलिब्रेट केलेला मीटर असावा, फोनवरचं ॲप नको. तासातासाची सरासरी, वारा आणि त्या दिवशी कोणती धावपट्टी चालू होती, हे लिहून ठेवा. ऑक्टोबरनंतरचा कोरडा आठवडा निवडा. जुनी इमारत उभी असतानाचे हे आकडे ती पडल्यावर पुन्हा कुणालाच मिळवता येणार नाहीत.